फोनवरून टर्मिनल: स्क्रीन बंद झाली की चालू काम मरतं

रात्रपाळी (प्रश्न)

आई पाच आठवडे अंथरुणाला खिळून आहे. रात्री तिच्यापाशी मीच असते आणि संगणक पलीकडच्या खोलीत. बाबांच्या आवाजाच्या जुन्या कॅसेट मी फाइलींमध्ये उतरवून घेतल्यात, एकूण ३१२. त्यांतली खरखर काढायला एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारी एक स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल) लिहिली आहे. पण ती नीट चाललीय का बघायला दर थोड्या वेळानं उठायचं म्हणजे आईची झोप मोडते. म्हणून संगणकाच्या उबुंटू प्रणालीवर ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून आत येऊन आज्ञा देऊ देणारा प्रोग्रॅम) टाकला आणि अँड्रॉइडवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, घरच्याच वायफायवर जोडणी केली. पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या माझ्या संगणकाचा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट बघणारी ओळ) फोनवर उमटला, तेव्हा किती हायसं वाटलं!

आता अडचण. फोन बाजूला ठेवला, स्क्रीन बंद झाली, वीसेक मिनिटांनी बघते तर जोडणी तुटलेली आणि स्क्रिप्ट १४७व्या फाइलवर मेलेली. नोहप (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी आज्ञा) लावून पाहिलं. काम चालू राहतं, पण मग ते पुन्हा समोर घेऊन मध्येच थांबवता येत नाही. शिवाय काल राउटर बंद करून चालू केला, तर १९२.१६८.१.३४ या पत्त्यावर आज संगणकच नाही. काय करू?

काळी खिडकी

ताई, आधी आईंना आराम पडो.

स्क्रिप्ट का मरते ते सांगतो. तुम्ही एसएसएचनं आत गेलात की संगणकावर तुमच्यासाठी एक टर्मिनल तयार होतं आणि स्क्रिप्ट त्याला बांधलेली असते. जोडणी तुटली की ते टर्मिनल जातं आणि स्क्रिप्टला 'हँगअप' सिग्नल मिळतो. हे नाव मोडेमच्या काळातलं आहे: फोन ठेवला, लाइन गेली, मग कामही आवरा. नोहप हा सिग्नल अडवतो, पण गेलेलं टर्मिनल परत आणून देत नाही.

तुम्हाला हवं आहे टीमक्स. टर्मक्स आणि टीमक्स यांत गोंधळू नका: पहिलं फोनवरचं ॲप, दुसरं संगणकावर चालणारा प्रोग्रॅम. आत गेल्यावर आधी टीमक्स सुरू करा आणि स्क्रिप्ट त्याच्या आत चालवा. मग टर्मिनल टीमक्सच्या ताब्यात राहतं, तुमची जोडणी येवो की जावो. बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-बी, ते सोडून डी. परत आलात की 'टीमक्स अटॅच', आणि स्क्रिप्ट समोर तशीच चालू दिसते. थांबवायची तर नेहमीचं कंट्रोल-सी.

फोनच्या कीबोर्डावर कंट्रोल नसतो, पण टर्मक्समध्ये कीबोर्डाच्या वर बटणांची एक ओळ असते, तिच्यात आहे. मला मात्र दुसरी सवय लागलीय: आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की तेच कंट्रोलचं काम करतं. अंधारात, एका हातानं, न बघता जमतं.

टर्मक्सच्या नोटिफिकेशनमध्ये वेकलॉकचा (फोनला पुरतं झोपू न देण्याचा) पर्याय आहे, तो लावला तर जोडणी कमी तुटेल. बॅटरी जास्त जाईल. टीमक्स असल्यावर त्याची गरज फारशी उरत नाही.

तारजोडणी

पत्त्याचं: राउटर डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप, पत्ते वाटतो, आणि पुन्हा चालू झाल्यावर तोच देईल याची खात्री नसते. राउटरच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्वेशन शोधा, संगणकाचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) टाकून एक आयपी त्याच्या नावे राखून ठेवा. उबुंटूची आपोआप झोपी जाण्याची सेटिंगही बंद करा, नाहीतर मध्यरात्री संगणकच झोपेल. आणि फोन गेस्ट वायफायवर टाकू नका, तिथून घरातली बाकीची यंत्रं बहुधा दिसत नाहीत.

काळी खिडकी

एक राहिलं. पासवर्डाऐवजी किल्ली वापरा. टर्मक्समध्येच ईडी२५५१९ या प्रकारच्या किल्ल्यांची जोडी (एक खाजगी, एक सार्वजनिक) बनवा, तिला पासफ्रेज (किल्लीचाच पासवर्ड) द्या आणि फक्त सार्वजनिक किल्ली संगणकावर पाठवा. किल्लीनं आत जाता येतंय हे दुसऱ्या सेशनमधून तपासल्याशिवाय पासवर्ड लॉगिन बंद करू नका. पहिलं सेशन तोवर उघडं ठेवा. राउटरवरून एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट (आत यायचं दार) बाहेरच्या इंटरनेटला मात्र अजिबात उघडू नका. तुमचं सगळं काम घरातल्या घरात आहे.

रात्रपाळी

दोघांचे मनापासून आभार. पत्ता राखून ठेवला. नव्या पत्त्यावर फोननं संगणकाचं फिंगरप्रिंट (त्याच्या किल्लीची अक्षरांतली ओळखखूण) दाखवून पुढे जायचं का विचारलं. आधी मी डोळे झाकून 'यस' लिहिलं असतं. या वेळी पलीकडच्या खोलीत जाऊन संगणकाच्या पडद्यावर तेच काढलं आणि फोन शेजारी धरून अक्षरन् अक्षर जुळवलं. किल्लीही चालली, मग पासवर्ड बंद केला.

रात्री मुद्दाम फोनचं वायफायच बंद करून पाहिलं. दहा मिनिटांनी पुन्हा जोडलं, अटॅच केलं, स्क्रिप्ट चालूच होती. आत्ता २०६वी फाइल चाललीय. आई झोपलीय, आणि मला उठावं लागलेलं नाही.