पोटगी थकू नये म्हणून काय करू? (सोलापूर)

जॉबर_सोलापूर: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा) आहे. घटस्फोट झालाय, मुलगी आईकडं असते, यंदा सहावीत गेली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मुलीसाठी महिना 6000 पोटगीचा हुकूम आहे. आजवर एकही हप्ता चुकवला नाही. आता माल उठंना म्हणून मालकानं एकच पाळी ठेवलीय. आमचा पगार आठवड्याला. खोलीभाडं, आईच्या शुगरच्या गोळ्या भागवून दहा तारखेपर्यंत सहा हजार काही जमंनात. सोबतचे म्हणतात, चार हजार टाक, कोण विचारतंय. मला ते पटत नाही, पोरीचा पैसा आहे तो. रक्कम कमी करून मागता येते का? तोवर काय करू?

पूर्वभाग_वकील: दादा, हुकूम बदलेपर्यंत सहा हजारच देणं लागतं. चार टाकले की दोन थकबाकीत चढले. समोरून वसुलीचा अर्ज आला तर वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत.

रक्कम कमी करायला त्याच कोर्टात अर्ज करा. पूर्वी त्याच जुन्या संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146. सोबत उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात तसं ठरवून दिलंय. पगार रोख असेल तर पाळी बंद झाल्याचं मालकाचं पत्र आणि हजेरीकार्ड आत्ताच मिळवा. आणि वेळ घालवू नका, मागची बाकी या अर्जानं पुसली जाईल असं धरून चालू नका.

विजापूररोड_ताई: मी पोटगी घेणाऱ्या बाजूची. माझ्या मुलाच्या रिक्षावाल्या काकांना पाच तारखेला पैसे द्यावे लागतात. ते चुकले की दुसऱ्या दिवशी पोराला मीच सोडायचं आणि कामावर उशीर. त्यामुळं पैसे कमी येण्यापेक्षा न सांगता लांबले की जास्त हाल होतात. दहा तारखेची वाट कशाला बघता? पगार झाला की त्याच संध्याकाळी दीड हजार टाका. आणि मुलीच्या आईला आधी मेसेज करा, फोन बंद ठेवू नका. आमच्याकडं तेच होतं.

जॉबर_सोलापूर: ताई, आठवड्याचं पटलं, या पगारापासूनच सुरू करतो. वकीलसाहेब, जूनमध्ये दप्तर, वह्या, गणवेश मीच घेतला. ते वजा होतं का? आणि वकिलाची फी कुठून आणू?

पूर्वभाग_वकील: हुकुमात तसं लिहिलेलं नसेल तर आपोआप वजा होत नाही. वह्या-दप्तर खुशाल घ्या, पण पोटगी वेगळी ठेवा. हातात रोख देऊ नका. खात्यावर टाका आणि शेऱ्यात "अमुक महिन्याची पोटगी" लिहा. फीसाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर वकील मोफत मिळतो. जाताना उत्पन्नाचा दाखला आणि हुकुमाची नक्कल न्या.

जॉबर_सोलापूर: दाखल्याला तहसीलला उद्याच जातो. मालकाला पत्राचं बोललोय, देतो म्हणाले.