धंद्याचा निर्णय ज्याचा, डेटा मायनिंगचा अभ्यासही त्यानेच करावा

वहीवाला

पुण्यात अप्पा बळवंत चौकात आमचं शालेय साहित्याचं दुकान आहे, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. सध्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डेटा मायनिंग (साठलेल्या नोंदींतून उपयोगाचे नमुने शोधणं) आणि व्हिज्युअलायझेशन (आकडे आलेखांतून दाखवणं) शिकतो आहे. ओळखीतले व्यापारी म्हणतात, हे काम पगारी माणसाकडून करून घ्यायचं, मालकाने त्यात वेळ घालवू नये. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या शब्दावर माल येतो त्याने हा विषय स्वतः शिकलाच पाहिजे.

का ते सांगतो. कुठल्या वस्तू एकत्र खपतात हे बिलांमधून शोधायचा एप्रिओरी नावाचा अल्गोरिदम (पायरीपायरीची गणिती कृती) राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ साली मांडला. आजही वर्गात तो सुरुवातीलाच शिकवतात. समजा १००० बिलं आहेत. ८०० बिलांत वह्या, ३०० बिलांत पेनं, २४० बिलांत दोन्ही. अहवालात वरच येणार : 'पेन घेणारे ८० टक्के लोक वह्याही घेतात.' वाचणारा खूश होऊन पेन-वह्यांची जोडयोजना काढेल. पण वह्या तर सगळ्याच बिलांपैकी ८० टक्क्यांत आहेत! पेन घेतल्याने काहीच फरक पडलेला नाही. एका वस्तूमुळे दुसरीचा खप किती पट होतो, त्या मापाला लिफ्ट म्हणतात. इथे ८० भागिले ८०, म्हणजे लिफ्ट १.

आता समजा कंपासपेटी २०० बिलांत आहे, आलेखवही १०० बिलांत आणि दोन्ही ६० बिलांत. आलेखवही घेणारे ६० टक्के लोक कंपासपेटी घेतात. टक्केवारी कमी, म्हणून ही ओळ अहवालात खाली जाते. पण एरवी कंपासपेटी घेणारे २० टक्केच, म्हणजे लिफ्ट ३. उपयोगाची ओळ ही! मालकाला लिफ्ट माहीतच नसेल तर तो वरची ओळ वाचून ऑर्डर देऊन मोकळा होईल, आणि माल पडून राहिला की विश्लेषकाच्या खिशातून काही जाणार नाही.

तुमचं मत काय?

भोसरीकर

असहमत. मी यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. अर्धवट शिकलेला मालक न शिकलेल्या मालकापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो विश्लेषकाचं ऐकणं बंद करतो.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. १०० नगांत २ सदोष निघतात असं धरा. जे मॉडेल (जुन्या नोंदींवरून अंदाज सांगणारी संगणकी रीत) प्रत्येक नगाला 'चांगला' म्हणेल त्याची अचूकता ९८ टक्के भरते, आणि ते एकही सदोष नग पकडत नाही. या फसगतीतून बचावायला मालकाला कोर्स लागत नाही. 'सदोष नगांपैकी किती पकडले, आणि चांगले किती उगाच बाद केले?' एवढं विचारता आलं की पुरे. मालकाने प्रश्न विचारायला शिकावं. डिसिजन ट्री, क्लस्टरिंग या विश्लेषणाच्या पद्धती आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, हे ज्याचं काम त्याला करू द्यावं. जूनच्या तोंडावर तुम्ही कोड लिहीत बसलात तर वितरकांशी दराची बोलणी कोण करणार?

मध्यगा

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर.

भोसरीकर, तुम्ही सांगितलेला प्रश्न अचूक आहे. पण तो तुम्हाला सुचतो तो तुम्ही या विषयात मुरला आहात म्हणून. न शिकलेल्याला तो सुचत नाही, हे दरवर्षी वर्गात बघते. ९८ टक्के हा आकडा पाहून मुलं समाधानाने पुढच्या पानावर जातात.

वहीवाले, तुमच्याशी मात्र क्रमाबद्दल भांडण आहे. अल्गोरिदमच्या आधी चित्र काढायला शिका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँसकोम्ब यांनी १९७३ साली चार छोटे डेटासंच दिले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची साधारण ७.५, सहसंबंध (दोन्ही चलं किती एकत्र वाढतात याचं माप, जास्तीत जास्त १) ०.८२ च्या आसपास. कागदावर चारही सारखेच. आलेख काढला की एक सरळ रेषेभोवती पसरलेला, दुसरा कमानीसारखा वळलेला, तिसऱ्यात रेषेपासून सुटलेला एकच बिंदू, आणि चौथ्यात एक बिंदू सोडून बाकी सगळे एकावर एक उभे. सरासरीवर निर्णय घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आलेखातही काय वगळलं हे बघावं लागतं. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीचा धोका मांडला होता, पण ज्या उड्डाणांत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांना इजा झाली होती तेवढ्यांचंच तापमान बघितलं तर थंडीशी संबंध स्पष्ट दिसत नव्हता. नंतर चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर घेतली. ६५ अंश फॅरनहाइटखालच्या चारही उड्डाणांत इजा होती, वरच्या वीसांपैकी फक्त तिनांत. माहिती आधीपासून हाताशी होती. निम्म्याहून जास्त उड्डाणं आलेखात घेतलीच नव्हती.

पुण्यातले अनेक वर्ग पॉवर बीआय किंवा टॅब्लो या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात आणि त्याला व्हिज्युअलायझेशन म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून का सुरू करायचा, पाय चार्टमध्ये जवळपासचे तुकडे डोळ्यांना का ओळखू येत नाहीत, हे शिकवायला सॉफ्टवेअर लागत नाही, फळा पुरतो. डेटा मायनिंगच्या कामाची क्रिस्प-डीएम नावाची सहा पायऱ्यांची रूढ पद्धत आहे. तिची पहिली पायरी धंदा समजून घेणं ही आहे, मॉडेल चौथ्या पायरीवर येतं.

मार्केटयार्ड_गाळा

सगळं वाचलं. मॅडमनी छान समजावलं, पण मूळ मुद्दा कुणी काढलाच नाही. वहीवाले, तुमच्याकडे बिलं हजारो असतील. जून किती आहेत?

शाळेचा धंदा वर्षातून एकदा उसळतो. चांगल्या नोंदी चार-पाच वर्षांच्या असतील, तर मोसमाबद्दल तुमच्याकडे चार-पाचच निरीक्षणं आहेत. २०२० आणि २०२१ चे जून धरायचे की वगळायचे? शाळा बंद होत्या. एवढ्याशा माहितीवर कुठलंही मॉडेल काय सांगणार?

दुसरं त्याहून मोठं. बिल विक्री दाखवतं, मागणी दाखवत नाही. दोनशे पानी चौरेघी वही संपलेली होती, दहा गिऱ्हाइकं 'नाही' ऐकून शेजारच्या दुकानात गेली, त्याचं बिल कुठे आहे? संगणक म्हणणार, या आठवड्यात या वहीला उठाव नव्हता, पुढच्या वर्षी कमी मागवा. गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र ठाऊक असतं. आयुष्यभर व्यापार केला, मालाला हात लावून आणि माणसांशी बोलून. कोर्स करू नका असं म्हणत नाही, पण निर्णय त्यावर टाकू नका.

नवशिका_एमकॉम

काका, जीएसटीमुळे खरेदी-विक्रीची बिलं तर आता बहुतेक दुकानांत संगणकावर असतातच. नोंदी पुऱ्या नाहीत म्हणून अभ्यासच नको, हे नाही पटलं.

वहीवाला

काका, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि माझं म्हणणं त्यानेच पक्कं होतं. बाहेरून आलेल्या विश्लेषकाला फक्त बिलांची फाइल मिळते. चौरेघी वही कुठल्या आठवड्यात संपलेली होती हे मला माहीत असतं, पण ते दिवस विक्रीच्या हिशेबातून वेगळे काढायचे असतात हे न शिकलेल्या मालकाला ठाऊक नसतं. शून्य विक्री आणि शून्य साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आलेखावर त्या वेगळ्या रंगात दाखवता येतात. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असल्याशिवाय हे होत नाही.

मोसमाचा मुद्दाही बरोबर. म्हणून जूनचा एकूण खप मॉडेलवर सोपवणारच नाही. पण कशासोबत काय जातं हे एका जूनमधल्या हजारो बिलांतूनही कळतं.

मध्यगा

कळतं, पण ते त्याच जूनचं. एका जूनमधून काढलेली जोडी दुसऱ्या जूनच्या बिलांवर तपासून बघा, तिथेही टिकली तरच शेल्फ हलवा.

आणि काका, माणसांशी बोलून गोळा केलेली माहिती हाही डेटाच. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली याच शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तीही कुटुंबांना प्रश्न विचारूनच. फरक इतकाच, की त्यांनी उत्तरं लिहून ठेवली.

भोसरीकर

तरीही कामाची वाटणी हवी. साठा संपल्याची नोंद मालकाने ठेवावी, मॉडेल शिकलेल्याने करावं. दोघांनी एकमेकांचं अर्धं काम करण्यात मला फायदा दिसत नाही.

मार्केटयार्ड_गाळा

लिहून ठेवायचा मुद्दा मान्य, मॅडम. वहीवाले, मग आत्तापासून गल्ल्यावर एक वही ठेवा : तारीख, काय मागितलं, गिऱ्हाईक दुसरं काही घेऊन गेलं की हात हलवत गेलं. नोकरांना लिहायची सवय लावायला एक मोसम जाईल. ती वही भरल्यावर तुमच्या आलेखात तिची भर घाला आणि इथे टाका. मग मॉडेलवर बोलू. तोवर जूनची ऑर्डर मी तरी अनुभवावरच देणार.