घराने बदललेलं मत: ठाणे-नवी मुंबईच्या आयटीवाल्यांचे अनुभव

कासारवडवलीकर

आयटीत पंधरा-वीस वर्षं काढली की मतं घट्ट होतात. फोन कुठला घ्यावा, पासवर्ड कसा असावा, क्लाउडवर किती विसंबावं. माझीही होती. पण आज मी जे मत कुणाहीपुढे ठामपणे मांडतो, ते मला घरातल्या एका प्रसंगाने दिलं. तुमच्याकडेही असा प्रसंग असेल तर इथे लिहा. छोटा असला तरी चालेल.

माझं काम बॅकअपचं, म्हणजे डेटाच्या राखीव प्रती ठेवण्याचं. महाप्याच्या ऑफिसात सकाळी पोचलो की आधी रात्री आपोआप चालणारे बॅकअप पूर्ण झाले का ते बघायचं, आणि दर तिमाहीला कुठला तरी डेटा प्रत्यक्ष परत आणून दाखवायचा. बाबा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून आईला ते आवाजी निरोप पाठवायचे. "तलावपाळीवर आहे, जांभळी नाक्यावरून मेथी आणू का?" असलेच सगळे. ते गेल्यावर आई दुपारी ते निरोप ऐकत बसायची.

वर्षभराने तिच्या फोनची जागा भरली. भाच्याने मदत म्हणून जुन्या फाइली काढून टाकल्या. त्याचा दोष नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. बॅकअप चालू होता, पण तो एकच प्रत ठेवणारा. त्या रात्री रिकाम्या झालेल्या फोनची नवी प्रत जुन्या प्रतीवर लिहिली गेली. आईला कळलं चार दिवसांनी. आत्याकडे पुढे पाठवलेले नऊ निरोप होते, तेवढे वाचले.

सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे, हे वाक्य मी ऑफिसात शेकडो वेळा बोललो असेन. एका ठिकाणी पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. आमच्या धंद्यातला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तो मी आता घरी पाळतो. घराबाहेरची डिस्क पुण्याला बहिणीकडे असते. भाऊबीजेला ती आणि मी डिस्कांची अदलाबदल करतो, आणि निघण्याआधी बाबांचा एक निरोप लावून बघतो. परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं मी कुणालाही म्हणू देत नाही.

ऐरोलीकर

कासारवडवलीकर, वाचून गलबलून आलं. माझा अनुभव सासूबाईंचा.

मी सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर आहे, ऐरोलीच्याच एका आयटी पार्कात. सासूबाई पोस्टातून निवृत्त झाल्या. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण ही त्यासाठीची सरकारी ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे, त्यात आधारच्या बोटाच्या ठशावर दाखला निघतो. सासूबाईंचा ठसा उमटेना. तीन बोटं, मग दुसरा हात, मग हात पुसून पुन्हा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमची बोटं मशीन घेत नाहीये." जन्मभर भांडी, कपडे, भाकऱ्या आणि टपालाची वर्गवारी, त्यात बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. रिक्षात त्या मला म्हणाल्या, "अगं, मी आहे हे मशीनला पटेना."

हे वाक्य मी ऑफिसात नेलं. मोबाइल फोनने चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे. तो आम्ही घरी, खिडकीच्या उजेडात, दोन मिनिटांत काढला. म्हणजे मार्ग होता, पण काउंटरवर कुणी सांगितला नाही.

त्याआधी मी ठामपणे मानत होते की सुरक्षा जितकी कडक तितकी चांगली. आता टेस्ट केस, म्हणजे काय काय तपासायचं ते, लिहिताना पहिला प्रश्न विचारते: हे जमलं नाही तर माणसाने पुढे काय करायचं? फोनचं अक्षर सगळ्यांत मोठं करून प्रत्येक स्क्रीन बघते, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी सासूबाईंच्या फोनवर एका अ‍ॅपमधलं 'पुढे' हे बटणच स्क्रीनच्या खाली गेलं होतं आणि वर सरकवता येत नव्हतं. ओटीपी वाचायला, चष्मा शोधायला आणि सहा आकडे टाकायला त्यांना किती वेळ लागतो तो मी घड्याळ लावून मोजला आहे. किती वेळात स्क्रीन बंद व्हावी (टाइमआउट) हे ठरवणाऱ्यांनी घरी एकदा मोजावा.

त्यांना यूपीआय शिकवताना एकच गोष्ट पाठ करून घेतली: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. फसगत झालीच तर १९३० वर लगेच कळवायचं. हा आकडा आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरच्या वर लिहिला आहे.

खारघरकर

मी नेटवर्कवाला, त्यामुळे नातेवाइकांचे फोन एकाच कारणासाठी येतात: "वायफाय बेडरूममध्ये येत नाही." पूर्वी मी सांगायचो, चांगला राउटर घ्या. आता आधी विचारतो, इमारत कुठली आणि किती जुनी.

सिडकोच्या जुन्या घरांत विटांच्या भिंती आहेत, तिथे एक राउटर मधोमध ठेवला की भागतं. खारघर आणि घोडबंदर रोडच्या बऱ्याच नव्या टॉवरांत मिवान पद्धतीचं बांधकाम आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, आत सळया. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत त्याचा दम संपतो. २.४ गिगाहर्ट्झचा थोडा पुढे जातो, पण तो शेजाऱ्यांच्या सगळ्या राउटरांनी गजबजलेला. माझा सल्ला: फर्निचरचं काम काढाल तेव्हा प्रत्येक खोलीत लॅनची, म्हणजे नेटची, एक तार भिंतीतून ओढून घ्या. खर्च किरकोळ. नंतर ते होत नाही.

दुसरं मत १२ ऑक्टोबर २०२० ला बदललं. सोमवार, सकाळचे दहा वाजून गेलेले, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. लोकल जागच्या जागी. आम्ही सगळे घरून काम करत होतो आणि मुलाची शाळाही स्क्रीनवर. माझ्याकडे वीज गेल्यावर चालणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला लावलेला, लॅपटॉपची बॅटरी भरलेली, तरी नेट गेलं. चौकशी केली तेव्हा समजलं की फायबर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची तार, फक्त इमारतीपर्यंत होता. तिथून मीटर रूममधल्या एका स्विचमधून साध्या तारा घरोघरी, आणि तो स्विच सोसायटीच्या विजेवर. समोरच्या बिल्डिंगमध्ये फायबर थेट घरात होता. त्यात मधे प्रकाश वाटणारा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. त्यांचं नेट चालू राहिलं.

मुलगा त्या दिवशी समोरच्या काकूंकडे बसून चाचणी देऊन आला. आता कुणीही नवं कनेक्शन घेतो म्हणाला की मी स्पीड विचारतच नाही. फायबर इमारतीपर्यंत की घराच्या आतपर्यंत, एवढंच विचारतो.

कळवेकर

आमच्या घरात अमेरिकेचं घड्याळ चालतं. न्यू जर्सीच्या सकाळी नऊला रोजचा कॉल. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास मुलीची जेवणाची वेळ कॉलमध्ये जाते, ती थेट मार्चपर्यंत. मुलगी चार वर्षांची असताना तिने आजीला विचारलं, "बाबा थंडीत का जेवत नाही?"

कॅलेंडरमधली बैठक ज्या देशाच्या वेळेवर बांधली असेल, तिथे ती स्थिर राहते आणि बाकीच्यांकडे सरकते. हे मला माहीत होतं, पण बैठक आपल्या वेळेवर बांधता येईल हे मागायचं सुचलं नव्हतं. मी सरळ कारण सांगितलं. तिकडच्या मॅनेजरला स्वतःची लहान मुलं, ती लगेच हो म्हणाली. आता कॉल बारा महिने आपल्या साडेसहाला. हिवाळ्यात त्यांना आठला यावं लागतं. सहा वर्षं मी न मागता काढली, याचंच वाईट वाटतं.

माजिवड्याची

माझं छोटंसं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. आमचा २०१५ चा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. नवरा भंगारात द्यायला निघाला होता. मी मेमरी (रॅम) आणि डिस्क (एसएसडी) बदलून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचं पेपर वाचणं, माझे हिशेब, सगळं त्यावर चालतं. चालणारी वस्तू टाकू नये, हे आईचं म्हणणं मला आता संगणकालाही लागू वाटतं.

वाशीकर

माझा विषय फॉन्टचा. वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर असलं काही पडलेलं असेल म्हणून सविस्तर लिहितो.

वडील सह्याद्रीत भटकायचे. १९९९ साली त्यांनी आठवणी लिहिल्या आणि ठाण्यात गोखले रोडवरच्या एका डीटीपीवाल्याकडून (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्याकडून) टाइप करून घेतल्या. दोन फ्लॉप्या मिळाल्या. त्यातल्या एकीची फाइल मी तेव्हाच संगणकावर उतरवली होती. गेल्या वर्षी ती उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वडिलांना वाटलं फाइल खराब झाली.

फाइल ठणठणीत होती. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. त्यातून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणायचं तर शब्दामागून शब्द ओळखावा लागतो. 'किल्ला' लिहिताना जुन्या फाइलमध्ये वेलांटी आधी येते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. जोडाक्षरांचं तसंच. 'स्त्री' आपल्याला एकच अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवताना १८ बाइट जागा लागते.

मी हा बदल करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली, दोन रविवार गेले. निघालेला मजकूर छापून वडिलांपुढे ठेवला. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "सह्याद्रीच्या दर्या? अरे, दर्या कोकणात. या दऱ्या आहेत." रफार आणि अर्धा ऱ यांतला फरक माझ्या स्क्रिप्टने पुसला होता. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यात गुरुजी आणि स्वयंपाकी यांची गल्लत होईल, तसं. मग ते खुर्चीत आणि मी शेजारी, असे आम्ही सगळी पानं तपासली. चाळीस वर्षांत त्यांच्याजवळ इतका वेळ मी बसलो नव्हतो. रतनगडाच्या पानावर थांबून त्यांनी जे सांगितलं ते लिहिलेल्यात नव्हतंच. ते मी वेगळं टिपून घेतलं.

यंत्राने मजकूर बदलून दिला की काम झालं, असं मी मानायचो. आता माझ्या टीमने मराठी मजकूर पाठवला तर मी आधी 'ऱ्या' शोधतो. आणि फॉर्ममध्ये नावासाठी ठेवलेल्या जागा मराठी नाव घालून मोजायला लावतो.

दुसरी फ्लॉपी अजून तशीच आहे. ड्राइव्ह मिळत नाही. त्यात किल्ल्यांचा उत्तरार्ध आहे.

कासारवडवलीकर

वाशीकर, यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. जुन्या कामासाठी घेतला होता, गेल्याच महिन्यात लावून बघितला, चालतो. तुम्ही मात्र ती फ्लॉपी दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. इतक्या जुन्या चकतीला एखाददुसरंच वाचन झेपेल. आधी फाइल न उघडता सबंध फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढू, मग जे काय करायचं ते त्या प्रतीवर.

रविवारी अकरानंतर कधीही या. वाशीहून ठाण्याची गाडी थेट आहे, मी स्टेशनवर घ्यायला येतो. वडिलांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही आणा, माझ्या आईला रतनगडाचं ऐकायचंय.