चाकांवरचा ‘हलका रणगाडा’ हल्ल्यात का कमी पडतो?

चाकोरी: फ्रान्सने २०२३ मध्ये युक्रेनला एएमएक्स-१० आरसी या टेहळणीच्या चिलखती गाड्या दिल्या. सहा चाकं, १०५ मिमीची तोफ. बातम्यांत सर्रास ‘रणगाडा’. मग त्याच उन्हाळ्यात युक्रेनच्या चढाईत त्या थेट हल्ल्याला निरुपयोगी का ठरल्या? आणि ड्रोन असताना टेहळणीला चिलखती गाड्या हव्यात कशाला?

बगलवाला: तोफ बघून फसायला होतं, पत्रा बघा. ॲल्युमिनियमचं कवच रायफलीच्या गोळ्या आणि बारीक किरच्या अडवतं, बस. तिथे १५२ मिमीचा गोळा एका गाडीच्या जवळ फुटला, किरचा आरपार गेल्या, आतला दारूगोळा उडाला आणि चौघेही गेले. थेट मारा झालाच नव्हता.

दुसरं म्हणजे गिअरबॉक्स. या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत. ती रणगाड्यासारखी वळते, म्हणजे एका बाजूची चाकं जोरात, दुसरीकडची सावकाश. डांबरी रस्त्यावर ठीक. शेतात, कच्च्या वाटेवर चाकं फरफटतात आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. तोफगोळ्यांचंही दुखणं आहेच. नाटोच्या नेहमीच्या १०५ पेक्षा हिचं काडतूस आखूड, त्यामुळे लेपर्ड-१ या जर्मन रणगाड्याचे गोळे हिला चालत नाहीत.

टेहळ्या: ड्रोनला दिसतं, पण त्याला रस्ता अडवून बसता येत नाही. धुकं, पाऊस किंवा जॅमिंग, म्हणजे रेडिओ संदेश अडवणं, असलं की तेही दिसत नाही. हलक्या घोडदळाचं, म्हणजे आता अशा गाड्यांच्या तुकड्यांचं, काम सैन्याची बगल (उघडी बाजू) झाकायचं, शत्रूची आघाडी चाचपायची आणि मुख्य दळ येईपर्यंत त्याला अडवून धरायचं.

पद्धत ठरलेली आहे. एक गाडी सरकते, दुसरी तोफ रोखून थांबते. उंचवट्याअलीकडे थांबून कमांडर उतरतो आणि दुर्बिणीने पाहून घेतो. मग फक्त बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) वर दिसेल इतकीच गाडी पुढे. दोन-तीन गोळे, की लगेच मागे आणि जागा बदल. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, नेम चांगला बसतोय म्हणून चौथा गोळा त्याच जागेवरून. आता वर ड्रोन असतो, त्यामुळे तेवढ्यात तोफखान्याला ठिकाण कळलेलं असतं.

१९९१ मध्ये इराकात फ्रेंचांनी याच गाड्या घेऊन मित्रराष्ट्रांच्या फौजेची पश्चिमेकडची बगल सांभाळली, अस-सलमान हे गाव घेतलं. उघडं वाळवंट आणि डोक्यावर स्वतःच्याच बाजूची विमानं. गाडी तीच, काम तिच्या मापाचं.

चाकोरी: मग आपला भारताचा हलका रणगाडा झोरावर याच माळेतला?

बगलवाला: नाही. झोरावर पट्ट्यांवर चालतो, वजन २५ टन. आपला नेहमीचा टी-७२ रणगाडा चाळीस टनांच्या वर जातो, लडाखच्या विरळ हवेत तो फरक इंजिनला कळतो. हलकेपणाचा हिशेब तिकडे जुनाच आहे. १ नोव्हेंबर १९४८ ला ७ लाइट कॅव्हलरी या भारतीय रेजिमेंटचे हलके स्टुअर्ट रणगाडे झोजीला खिंडीत चढले. जम्मूकडून श्रीनगरला नेताना कच्चे पूल भार सोसेनात आणि गुप्तताही हवी, म्हणून त्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेले होते.