प्रतिसाद: आमच्या मायचं जातं अन् वाकळ

वर कुणीतरी म्हणलंय की शेतातल्या बायांना छंदबिंद करायला वेळ कुठं होता. आमची आजी, आम्ही तिला मायच म्हणायचो, बीडकडची, जन्म शेतातच गेला, ७२च्या दुष्काळात खडी फोडायलाबी गेलती, पण पहाटं जात्यावर बसली की ओवी सुरू. पहिली देवाला, मग माहेर, भाऊ, लेकरं, अन् मधूनच सासूला एखादा टोमणा (सासू शेजारच्याच खोलीत झोपलेली हो!). अशा १ लाखाच्या वर ओव्या हेमा राईरकर अन् गी पॉइटवां या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या प्रोजेक्टमधी जमा झाल्यात, तेव्हा याला नुस्ता टाइमपास म्हणणं मला तरी पटत नाही.

दुपारी वाकळ, म्हणजे गोधडी. जुनं लुगडं, आजोबाचं फाटकं धोतर, एकावर एक अंथरायची, पायानं दाबून धरायची अन् कडेकडेनं धावदोरा घालत मधी यायची. टाके अगदी मुंगीच्या रांगेसारखे. आईच्या लग्नातल्या हिरव्या साडीचा तुकडा माझ्या वाकळंत बरोबर उशापाशी आलाय. घरी पिठाची चक्की आली अन् ओव्या बंद पडल्या, मग वाकळ शिवताना गुणगुणायची, पण म्हणायची घरघर नसली की चाल सापडत नाही. रेकॉर्ड करायचं आम्हाला सुचलंच नाही, मोबाईल होता की हातात.