मदत हवी आहे : शोक कधीपासून आजार धरतात? (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी. मामा जाऊन आठ महिने झाले. तासगावची आमची मामी अजून रोज त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावते, द्राक्षबागेकडे फिरकत नाही, जेवायलाही बळेच बसवावं लागतं. मिरजेतल्या डॉक्टरांनी कागदावर 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर' (म्हणजे लांबलेल्या शोकाचा आजार) लिहिलं. सांगलीतले म्हणतात, वर्ष होऊ दे, मग बघू.

दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, माणूस गेल्यापासून किमान सहा महिने आहेत, अमेरिकेच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या पुस्तकाच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा. शिवाय रोजचं जगणं अडलंय का, शोक आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त आहे का, हेही बघतात म्हणे. आता वर्षश्राद्धाच्या आत बाई सावरली नाही तर आपल्याकडे त्याला जास्त कोण म्हणणार?

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आयसीडीचं नाव घेतो. मग इकडे तेच धरतात का? कुणी मानसशास्त्र शिकलेलं असेल तर सांगा. निदान ठरेपर्यंत समुपदेशन सुरू करता येतं ना? शांतपणे ऐकून घेणारं कुणी माहीत असेल तर मेसेज करा. 'बागेत राब, विसरशील' हा सल्ला भावकीनं देऊन झालाय.