नडगीचं दुखणं, एक्स-रे नॉर्मल आणि तोंडावर आलेली पोलीस भरती : मदत हवी आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. वय २०, सांगोल्याजवळ गावी असते, दीड वर्ष पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मुलींना ८०० मीटर असतं. २ मिनिटं ५० सेकंदांत आलं तर २० पैकी २० मार्क. हिची गाडी ३:०५ वर अडकली होती. म्हणून दिवाळीनंतर सरांनी पळणं एकदम दुप्पट करायला लावलं. मैदानावर क्रिकेटच्या मॅचेस, त्यामुळे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर. गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा तिचा बूट हातात घेऊन पाहिला. आतल्या बाजूची टाच घासून पार सपाट झालीय.

महिनाभरापासून उजवी नडगी दुखते. आधी पळून झाल्यावर दुखायची आणि झोपलं की थांबायची. आता पहिल्याच राउंडला कळ येते आणि रात्रीही ठणकते. घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर, आतल्या कडेला एक जागा आहे. तिथे नुसतं बोट टेकवलं तरी पाय मागे घेते. सर म्हणतात, "पोटऱ्या भरल्यात, पळून पळून मोकळ्या होतील." तालुक्याच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी एक्स-रे काढला, नॉर्मल आला. गोळ्या दिल्या. गोळी खाऊन पळते, हे मला आईकडून कळलं.

शिवाय सारखी थकलेली असते. दुपारी पुस्तक उघडलं की डोळा लागतो. हिमोग्लोबिन ९.२ आहे. वजन कमी असलं की वेग वाढतो असं कुणीतरी डोक्यात भरवलंय, म्हणून रात्री अर्धी भाकरी खाऊन उठते. आणि तीन महिने पाळी आलेली नाही. हे आईलाही सांगितलं नव्हतं.

आता आजी म्हणते शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडून चोळून घेऊ. एमआरआयचा खर्च करावा का? किती दिवस पळणं बंद ठेवावं लागेल? ग्राउंडची (मैदानी चाचणीची) तारीख कधीही लागेल, त्यामुळे ती "बंद" हा शब्दच ऐकत नाही.

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. न बघता निदान करता येत नाही, पण लिहिलंय त्यावरून स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला जाणारा बारीक तडा, डोक्यात ठेवायलाच हवं. नडगीची आतली कड वीतभर दुखत असेल तर बहुतेक नुसती शिन स्प्लिंट, म्हणजे ताणामुळे नडगीच्या कडेला येणारं दुखणं, तडा नाही. बोटाच्या टोकाएवढी जागा दुखते आणि रात्री ठणकते, तेव्हा हाडाचा संशय घ्यायचा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही न दिसणं नेहमीचंच आहे, त्या 'नॉर्मल'वर विसंबू नका. ऑर्थोपेडिकला दाखवा, परत एक्स-रे की एमआरआय ते ठरवतील. आतल्या-मागच्या कडेचं असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरतं. पुढच्या धारेवरचं मात्र वाईट, महिनोन्महिने रेंगाळतं आणि पळतापळता हाड आरपारही मोडू शकतं. चोळणं नको. गोळी खाऊन पळणं तर अजिबात नको, दुखणं हीच एक सूचना असते आणि तीच आपण बंद करतो.

प्रतिसाद २
ताई, मी माजी सैनिक. आमच्या ट्रेनिंग सेंटरला दर बॅचमध्ये दोन-चार पोरं याच दुखण्याने रेलिगेट व्हायची, म्हणजे मागच्या बॅचमध्ये. मीही त्यातलाच. हा आजार मुळात फौजेचाच: ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ साली कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांबद्दल लिहिलं, तेव्हा एक्स-रेही नव्हता. आमचे एमओ (लष्करी डॉक्टर) सांगायचे, भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं भरतं. भरायच्या आत पुन्हा आपटलं की तडा. म्हणून नवशिक्यांचे पाय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जायचे. बहिणीला सांगा, रेलिगेट झालेला माणूसही पेन्शन घेतोय.

प्रतिसाद ३
सगळे पायाबद्दल बोलतायत, मला पाळीची काळजी वाटते. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ व्हायला लागतात. थकवा, पाळी, नडगी हे तीन वेगळे आजार नसतील. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा; फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, थायरॉइड बघून घ्या. आणि आधी ती अर्धी भाकरी दोन करा, सोबत डाळ, अंडी, दही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने भागणार नाही.

धागाकर्ती – अपडेट
सगळ्यांचे आभार. सोलापूरला जाऊन एमआरआय केला. हाडाच्या आत सूज आहे, तड्याची रेघ अजून उमटलेली नाही. जागा आतल्या-मागच्या कडेचीच. सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. न दुखता चालता आलं की सायकल, मग मातीवर हळूहळू. व्हिटॅमिन डी ११ निघालं, त्याचं औषध सुरू केलंय. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ सोमवारची आहे.

दोन दिवस रडली, माझ्याशी बोललीही नाही. माजी सैनिक दादांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला, तेव्हा पेन्शनवर हसली. काल आईचा फोन आला. बाईसाहेब अंगणात खुर्चीवर बसून भरतीतल्या गोळाफेकीचा चार किलोचा गोळा टाकतायत, आणि कोंबड्या सैरावैरा. आता विचारतेय, उभं राहून टाकला तर चालेल का? फिजिओ ताई, तेवढं सांगाल?